वेजवुडची वही आणि आपले पापड



जमाखर्च लिहिणे आपल्या घरांना नवे नाही. पण किती आले, किती गेले हे लिहिणे वेगळे आणि त्या आकड्यांवरून उद्या काय करायचे ते ठरवणे वेगळे. या दुसऱ्या कामाला व्यवस्थापकीय लेखा म्हणतात. त्याच्या इतिहासातला माझा आवडता माणूस म्हणजे इंग्लंडचा कुंभार जोसाया वेजवुड.

त्याचा जन्म १७३० चा, कुंभाराच्याच घरातला. १७६९ मध्ये त्याने एट्रुरिया हा मोठा कारखाना सुरू केला. इंग्लंडची राणी शार्लट त्याची गिऱ्हाईक होती. पण १७७२ मध्ये लंडनची एक पेढी बुडाली, बाजारात पैशाची टंचाई झाली आणि माल पडून राहू लागला. तेव्हा वेजवुड वह्या उघडून बसला. माती, मजुरी, कोळसा, साचे, भाडे, बुडीत उधारी असा एकेका वस्तूमागचा खर्च त्याने काढला.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, हिशेब ठेवणारा मुख्य कारकूनच पैसे खात होता. दुसरी अधिक मोलाची. साचे, भाडे, कारकुनांचे पगार हा खर्च माल थोडा केला काय आणि जास्त केला काय, तेवढाच येतो. म्हणजे माल वाढला की नगामागे तो कमी पडतो. म्हणून एकाच नमुन्याचा माल जास्त करायचा आणि भाव उतरवून मध्यमवर्गापर्यंत पोचायचे, असे त्याने ठरवले. भागीदार बेंटलीला त्याने हे पत्रातून कळवले. कारखाना मंदीतून तरला.

आता हेच आपल्या पापडांना लावून पाहू. समजा, जागेचे भाडे महिन्याला ३,००० रुपये. डाळ, मसाला, मजुरी मिळून किलोमागे १५० रुपये. महिन्याला १०० किलो केले तर भाडे किलोमागे ३० रुपये पडते, म्हणजे एकूण १८०. ३०० किलो केले तर भाडे १० रुपये, एकूण १६०.

समजा, रोजच्या १०० किलोच्या विक्रीतून भाडे निघते आहे आणि एक दुकानदार आणखी २०० किलो १६५ रुपयांनी मागतो. १८० चा आकडा धरून बसलो तर त्याला परत पाठवू. पण भाडे आधीच निघालेले आहे. वरच्या प्रत्येक किलोला नवा खर्च १५० च आहे, तेव्हा ३,००० रुपये सुटतात. मात्र हात आणि जागा पुरायला हवी, आणि सगळाच माल या भावाने द्यायचा नाही.

या १५० मध्ये तुमची स्वतःची मजुरीही धरा. बहुतेक जणी तीच सोडतात आणि मग म्हणतात, "धंदा चालतो, पण हातात काही राहत नाही." वेजवुडने प्रत्येक हाताच्या कामाचा दर वहीत मांडला होता. या महिन्यात आपल्या वहीत आपल्या हातांसाठीही एक रकाना आखा.