तगरचा माल आणि तगरचे नाव

व्हिजिटिंग कार्डावर मुख्यतः तीन गोष्टी असतात : नाव, धंदा आणि गाव. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात नेमक्या याच तीन गोष्टी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ब्राह्मी अक्षरांत कोरल्या गेल्या. नाव सिंहदत्त, धंदा गंधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकण्याचा, आणि गाव धेनुकाकट. या गंधिकाने चैत्यगृहाचे एक द्वार दान दिले होते. (आजचे ‘गांधी’ हे आडनाव याच शब्दाच्या कुळातले.) त्याच लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचाही लेख आहे. आपण पूर्ण करविलेले हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तो निःसंकोचपणे सांगतो. इतकी ठाम जाहिरात आजही क्वचितच वाचायला मिळते.

अर्थात ही दाने पुण्यासाठी होती, हे विसरता कामा नये. लेख कोरणाऱ्यांच्या मनात गिऱ्हाईक होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी ही लेणी घाटमाथ्यावर किंवा बंदरांकडे जाणाऱ्या वाटांजवळ आहेत. तेथे पावसाळ्यात भिक्षू राहत आणि येता-जाता तांडे थांबत. अशा ठिकाणी आपले नाव, धंदा आणि गाव कायमचे कोरून ठेवणाऱ्या माणसाला, परक्या मुलखात ओळख किती मोलाची असते, हे पुरते ठाऊक असले पाहिजे.

आता याच काळातले मराठवाड्यातले एक गाव पाहू. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ लिहिला. दक्षिणापथातल्या बाजारपेठांपैकी दोनच शहरांना त्याने विशेष मान दिला. भरुचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण, आणि पैठणच्या पुढे दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. पैठणहून अकीकासारखे दगड येत. तगरहून साधे कापड विपुल प्रमाणात, सर्व प्रकारची मलमल आणि ‘मोलोखिना’ नावाचे एक खास वस्त्र येई. हा सारा माल धड रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून भरुचला नेला जाई.

म्हणजे जायला तीस दिवस आणि यायला तीस. गाडी तेरणाकाठाहून निघाली की विणकराचा आपल्या मालावरचा ताबा संपला. भरुचच्या वखारीत गाठोडे सुटेल तेव्हा ‘हे माझे’ म्हणायला तो तेथे नसणार. वाटेत कोणी चांगले ठाण काढून हलके घातले, तर नाव कोणाचे जाणार? लहान धंद्याच्या प्रसिद्धीचा सारा इतिहास या एका अडचणीतून सुरू होतो.

गावात ही अडचण नव्हती. पुढच्या काळातली बलुतेदारी पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. सुताराला, लोहाराला, कुंभाराला सुगीत धान्याचा ठरलेला वाटा मिळे. त्याचे गिऱ्हाईक वंशपरंपरेने बांधलेले असे, त्याला पाटी लावण्याचे कारणच नव्हते. खुद्द तेरचे सर्वांत प्रसिद्ध नाव एका कारागिराचेच आहे : संत गोरा कुंभार. त्यांच्याविषयीची कथा सर्वश्रुत आहे. संतमेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहण्यासाठी गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हाणले. नामदेव तेवढे कच्चे ठरले. कथेतला आध्यात्मिक अर्थ आपल्या जागी आहे, पण तिचा आधार बाजारातला आहे. मडके घेणारा ते वाजवून पाहतो. वस्तू हातात आहे आणि विकणारा समोर आहे, तेथे दुसऱ्या ओळखीची गरज पडत नाही.

तीस दिवसांच्या वाटेवर मात्र मडके वाजवता येत नाही. तेथे ठसा लागतो.

ठशाची युक्ती साधी होती. गाठोड्याच्या दोरीच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा बसवायचा आणि त्यावर मुद्रा दाबायची. माती वाळली की ती फोडल्याशिवाय गाठ सुटत नाही, आणि फुटलेली मुद्रा लपवता येत नाही. अशा ठशांच्या पाठीवर दोरीचे वळ आजही दिसतात. बिहारमधल्या प्राचीन वैशालीच्या उत्खननात गुप्तकाळातले असे शेकडो ठसे मिळाले. त्यांपैकी पुष्कळांवर श्रेष्ठी, सार्थवाह आणि कुलिक यांच्या निगमाची मुद्रा आहे आणि शेजारी एखाद्या व्यक्तीच्या नावाची वेगळी मुद्रा. एकट्याचे नाव दूरवर पुरत नाही. त्यामागे व्यापारी संघाची साक्ष उभी करावी लागते. आजच्या कार्डावर स्वतःच्या नावाखाली एखाद्या नामांकित कंपनीचे ‘अधिकृत विक्रेते’ असे छापले जाते, त्यामागचा हिशेब हाच आहे.

संघाच्या शब्दाची किंमत किती होती, याचा आकडाच नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने जवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. पहिल्या ठेवीच्या वर्षाच्या २४० कार्षापणांतून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळायचे. हे सारे निगमसभेत ऐकवले गेले आणि रीतसर नोंदवले गेले. राजाच्या जावयाने कायमची ठेव विणकरांच्या हाती सोपवावी, ही त्या विणकरांना मिळालेली केवढी मोठी शिफारस! जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी भेटतात. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. लहान कारागिराची पत त्याच्या श्रेणीत होती.

तगरच्या विणकरांचे असे एकही नाव आपल्याला माहीत नाही. कापड कुजून जाते. पेरिप्लसकाराने शहराचे नाव लिहिले, मालाचे प्रकार लिहिले, आणि विणणाऱ्या हातांविषयी एक अक्षरही लिहिले नाही. त्याला दोष देता येत नाही, कारण तो बंदरांचा माणूस होता. पण बंदराची ही ताकद इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. शेकडो वर्षांनंतर युरोपात ‘कॅलिको’ हे सुती कापडाचे नाव झाले ते कालिकत बंदरावरून. सूत कुठे कातले, ठाण कुठे विणले, हे त्या नावात कुठेच नाही.

त्याच काळातले दुसरे टोक इटलीत पाहायला मिळते. पॉम्पेई येथे उंब्रिसियस स्कॉरस नावाचा माशांचा आंबवलेला रस्सा विकणारा व्यापारी होता. त्याच्या बरण्यांवर मालाचा दर्जा आणि त्याचे नाव शाईने लिहिलेले असे. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. आपल्या घराच्या दिवाणखान्यातल्या जमिनीवर त्याने अशाच लेबल लावलेल्या बरण्यांची चित्रे खड्यांत जडवून घेतली. घरात शिरणारा पाहुणा थेट जाहिरातीवरच पाय ठेवी. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने हे शहर गाडले. १९३८ मध्ये तेथेच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती भारतीय घडणीची आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळालेली आहे. एकाच शहरात माशांच्या रश्श्याच्या मालकाचे नाव टिकले, आणि इतक्या दुरून आलेल्या नाजूक कोरीवकामाचा कर्ता मात्र अनामिक राहिला.

पुढे तगरच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. शहराचा व्यापार ओसरला, पण त्याचे नाव बाजारात राहिले, आणि ते वापरले राजांनी. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या तिन्ही शाखा आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी. यांच्या राजधान्या तगरपासून फार लांब होत्या. पण नव्या मुलखात राज्य करणाऱ्या घराण्याला जुन्या, नामांकित गावाचे मूळ सांगणे सोयीचे होते. जुन्या पेठेचे नाव नव्या दुकानाच्या पाटीवर लावण्याचाच हा प्रकार.

योगायोग असा की शिलाहारांच्याच काळाच्या आसपास, सोंग राजवटीतल्या चीनमध्ये, जिनान येथील लिऊ घराण्याच्या सुयांच्या दुकानाने जाहिरात छापण्यासाठी धातूचा ठसा करून घेतला होता. त्यावर मध्यभागी पांढरा ससा आहे, आणि दारापुढचा ससा पाहून दुकान ओळखावे अशी सूचना आहे. तो ठसा आजही अस्तित्वात आहे. सुया विकणाऱ्याने आपले चिन्ह स्वतः निवडले आणि स्वतःजवळ ठेवले. तगरचे चिन्ह मात्र परक्यांच्या हाती गेले होते.

त्याचा परिणाम असा झाला की नाव उरले आणि गाव हरवले. १७८७ मध्ये ठाण्याला खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट मिळाला. पुढच्याच वर्षी तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापला गेला आणि प्रश्न उभा राहिला : हे तगर होते कुठे? विल्फर्डने देवगिरीकडे बोट दाखवले. पंडित भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवले. साधीसुधी माणसे नव्हेत ही, आणि तरीही पत्ता चुकत राहिला. शंभराहून अधिक वर्षे हा घोळ चालला. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी पैठणपासूनचे अंतर, दिशा आणि ‘तगर’चे ‘तेर’ होण्यातली भाषेची वाटचाल यांची सांगड घालून तगर म्हणजेच तेर, असे मांडले. लगेचच हेन्री कझिन्स यांनी तेरच्या अवशेषांची पाहणी केली आणि तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे मत दिले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले.

पण तेरच्या ओळखीचे मोठे काम गावातल्याच एका माणसाने केले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून, शेतांतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती, नाणी, दिवे. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. तेरला मिळालेल्या वस्तूंत रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके विशेष लक्ष वेधतात. ती गळ्यात अडकवता येतात. खरे रोमन नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने त्या नाण्यावरचा सम्राटाचा मुखवटा मातीत घेतला. गाजलेल्या मालाची स्वस्त नक्कल हा धंदाही त्या काळाला अपरिचित नव्हता म्हणायचे.

तेरच्या संग्रहालयातून निघून याच जिल्ह्याच्या भूम तालुक्यात गेले, की कुंथलगिरी लागते. जैन सिद्धक्षेत्र म्हणून तेथे दूरवरून यात्रेकरू येतात, आणि परिसरातल्या भट्ट्यांवर मोठ्या कढयांतून दूध आटत असते. कुंथलगिरीच्या खव्याला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तसाच दिसणारा खवा दुसरीकडे करून या नावाने विकला, तर त्याविरुद्ध आता कायद्याने दाद मागता येते. १९९९ च्या या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मानांकन गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने होते. पण त्याखाली तो पदार्थ प्रत्यक्ष बनवणाऱ्या माणसाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करता येते.