धार व देवास संस्थानांचे विलीनीकरण

माळव्यातील पवार घराण्याची धार, देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती ही तीन मराठी संस्थाने ब्रिटिश सत्तेच्या अखेरीस भारतीय संघराज्यात सामील झाली आणि १९४८ साली मध्य भारत राज्यात मिसळून गेली, त्या घटनाक्रमाची ही नोंद. तिन्ही राजांना १५ तोफांच्या सलामीचा मान होता. धारचे क्षेत्र सुमारे १,८०० चौ. मैल, तर देवासच्या दोन्ही पात्यांचे प्रत्येकी साडेचारशे चौ. मैलांच्या आसपास.

पवारांचा अंमल पेशवाईच्या पहिल्या बाजीरावाच्या काळातला. उदाजी व आनंदराव यांची शाखा धारला, तुकोजी व जिवाजी हे भाऊ देवासला स्थिरावले. या दोन भावांनी मुलूख वाटून घेतला तो सरळ रेघ मारून नव्हे. वाटणी परगण्यांतून गावांपर्यंत उतरली. देवास शहर एकच, पण राजे दोन, वाडे दोन, दरबार दोन. काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, समोरची धाकट्या पातीची. भाऊबंदकीतल्या वाटण्या मराठी मुलखाला नवीन नाहीत. मात्र शंभरावर वर्षे राजनैतिक मान्यतेसह टिकलेली अशी वाटणी विरळाच.

ती टिकली ती कंपनी सरकारच्या हमीमुळे. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये जन्मलेल्या दुसऱ्या बाजीरावाने जून १८१८ मध्ये कंपनीचा सेनानी जॉन माल्कम याच्यापुढे शरणागती पत्करली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत, डिसेंबर १८१८ मध्ये देवासशी आणि जानेवारी १८१९ मध्ये धारशी तह झाले. पेशवाई बुडाली त्याच हंगामात पवारांची गादी पक्की झाली. धार तोवर शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी पार खिळखिळे झाले होते. दुसऱ्या आनंदरावांच्या विधवा मीनाबाई यांनी ते कसेबसे तगवले होते. देवासच्या तहात दोन्ही राजांनी कारभार एकाच दिवाणामार्फत चालवावा अशी अट होती. पुढे ती गळून पडली आणि कारभार वेगळे झाले.

हमीची किंमत १८५७ मध्ये कळली. बंडखोर शिपायांनी धारचा किल्ला धरला, इंग्रज फौजेने ऑक्टोबरअखेर तो घेतला व संस्थान जप्त केले. १८६० मध्ये ते तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले, पण बैरसिया परगणा वगळून. तो भोपाळच्या सिकंदर बेगमांना बक्षीस गेला. पुढे १८८७-८८ मध्ये धारची आणि देवासच्या दोन्ही पात्यांची तांब्याची नाणी निघाली, ती राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याची.

देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे या व्यवस्थेतले सर्वांत विलक्षण पात्र. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे ते जावई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने त्यांचा खासगी चिटणीस होता. देवासच्या गोकुळअष्टमीचा उत्सव त्याने ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) मध्ये वापरला आणि देवासची पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या नावाने छापली. पुस्तक रसाळ आहे, परंतु त्यात प्रजा फारशी दिसत नाही. कर्जबाजारी संस्थानाच्या कारभारात सरकार हात घालणार असे दिसताच तुकोजीराव १९३३ च्या अखेरीस पाँडिचेरीला निघून गेले. इंग्रजांपासूनचा आसरा त्यांना फ्रेंच वसाहतीत सापडला. तेथेच डिसेंबर १९३७ मध्ये ते वारले.

त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव मार्च १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शहाजी छत्रपती झाले. देवासला त्यांचे अल्पवयीन पुत्र कृष्णाजीराव आले. त्यामुळे सत्तांतराच्या ऐन तोंडावर थोरल्या पातीचा राजा पोरवयाचा होता. धाकट्या पातीवर यशवंतराव, धारला चौथे आनंदराव.

भारतीय स्वातंत्र्य कायद्याने (१९४७) संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपली. कायद्याच्या भाषेत हे स्वातंत्र्यच होते. पण चहूकडून शिंदे, होळकर आणि भोपाळच्या मुलखांत विखुरलेल्या या तुकड्यांना त्याचा उपयोग काय होणार? शेजारच्या भोपाळच्या नवाबाने आणि इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी सामीलनाम्यावर सही करताना आढेवेढे घेतले. पवारांची तेवढी ऐपत नव्हती. सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण केंद्राकडे गेले. दुसरा टप्पा अंतर्गत सत्तेचा. २२ एप्रिल १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील लहान संस्थानांच्या राजांनी मध्य भारत संघाचा करार केला आणि २८ मे रोजी ग्वाल्हेरला जवाहरलाल नेहरूंनी संघाचे उद्घाटन केले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. राजांना तनखे मिळाले. ते १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले.

दख्खनची बहुतेक मराठी संस्थाने मार्च १९४८ मध्ये, कोल्हापूर वर्षभराने, मुंबई प्रांतात गेली. धार-देवास हिंदी भाषक राज्यात आली. एकाच घरातला बाप मुंबई प्रांतातला माजी राजा झाला आणि मुलगा मध्य भारतातला. धार-देवासच्या कारभारात मराठीला व मोडी दप्तराला असलेले स्थान हिंदीकडे गेले. मराठी उरली ती घरांत, गणेशोत्सवात आणि गाण्याच्या बैठकीत. योगायोग असा की गायक कुमार गंधर्व क्षयावर हवापालट म्हणून देवासला आले तेही १९४८ मध्येच, आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

विलीनीकरणाने धारला शिंद्यांच्या अमझेऱ्यासारखे मुलूख जोडून जिल्हा झाला. देवासमध्ये दोनशे वीस वर्षांची वाटणी मिटून एक जिल्हा, एक कलेक्टर आला. टेकडीवर मात्र तुळजाभवानी आणि चामुंडा, थोरली माता आणि धाकटी माता, आजही वेगवेगळ्या देवळांत आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही मध्य प्रदेशात विलीन झाला. तुकोजीरावांनी आसरा घेतलेली पाँडिचेरी त्याच तारखेला, दोन वर्षे आधी, भारताकडे आली होती.

व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचे पैसे वापरणाऱ्या देवास शहरात १९७० च्या दशकात बँक नोट प्रेस उभी राहिली. भारतीय चलनी नोटा आता तेथे छापल्या जातात.