बंदुकीचा आराखडा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

मे २०१३ मध्ये अमेरिकेतील 'डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड' या टेक्सासस्थित संस्थेने त्रिमितीय मुद्रणयंत्रावर घरीच तयार करता येणाऱ्या 'लिबरेटर' पिस्तुलाचे संगणकीय आराखडे इंटरनेटवर खुले केले. परराष्ट्र खात्याच्या पत्रानंतर ते हटविले गेले. पण दोन दिवसांतच सुमारे एक लाख वेळा डाउनलोड झाले होते. खात्याचा आधार शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याचा होता: परदेशस्थास पाहता येईल असे प्रकाशन म्हणजे निर्यातच! हाच युक्तिवाद पूर्वी गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरबाबत झाला होता. कायद्याच्या एका प्राध्यापकास आपल्या अभ्यासक्रमासाठी असे प्रोग्रॅम प्रसिद्ध करावयाचे होते. त्यांच्या खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने संगणकीय संहितेस अभिव्यक्ती म्हणून संरक्षण मान्य केले. मात्र पिस्तुलाच्या प्रकरणात न्यायालयांनी या मूळ प्रश्नास बगलच दिली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षिततेस झुकते माप देऊन अंतरिम मनाई नाकारली. २०१८ मध्ये शासनाने संस्थेशी तडजोड केली, तेव्हा सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने ती रोखली, तीही प्रशासकीय कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या वाणिज्य खात्याच्या नियमाने यंत्रात थेट घालण्याजोगी फाइल इंटरनेटवर ठेवणे नियंत्रणाखाली आणले; छापील पुस्तकातील रेखाटनास तो लागू नाही.