एक मुळी आणि अख्खा डोंगर : छोट्या कर्नलवरच्या पाहुण्यांचा इतिहास

द्रोणागिरीत बसून हा विषय मांडायचा, तर गावाच्या नावापासूनच सुरुवात करू. मारुतीरायाला हवी होती एक मुळी. ती ओळखू येईना, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलून आणला. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचंही बरीच वर्षं असंच चाललं. हवं असतं थोडं, आणि उचलावा लागतो डोंगर. आज आपण त्या डोंगराचं काय करायचं, याचा इतिहास पाहणार आहोत.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी किती वेळ वापरायचा, हे तो ठरवतो. युनिक्सच्या परंपरेत फायली, नेटवर्क आणि प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर हेही त्याच गाभ्यात बसवलेले असतात. त्यामुळे एका ड्रायव्हरमध्ये चूक झाली की सगळी मशीनच आडवी होते. यावर काही लोकांनी विचार केला, की गाभ्यात फक्त तीन गोष्टी ठेवू : मेमरीच्या वेगवेगळ्या खोल्या, काम करणारे धागे, आणि एका खोलीतून दुसरीत निरोप पोचवण्याची सोय. बाकी सगळं बाहेर, साध्या प्रोग्रामसारखं चालवू. हाच मायक्रोकर्नल.

कल्पना छान आहे, पण लोकांचे प्रोग्राम तर युनिक्ससाठी लिहिलेले! ते पुन्हा कोण लिहिणार? मग उपाय एकच उरतो. अख्खं युनिक्सच पाहुणा म्हणून या छोट्या कर्नलवर आणून बसवायचं. डोंगर आणायचाच, पण डोक्यावर घ्यायचा नाही, अंगणात ठेवायचा.

हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. रिचर्ड रशीद यांच्या गटाने १९८५ च्या सुमारास 'माख' हा कर्नल हाती घेतला. गंमत म्हणजे माखच्या २.५ आवृत्तीपर्यंत बर्कलीचं युनिक्स कर्नलच्या आतच होतं. पाहुणा कसला, घरजावईच तो. पुढे माख ३ मध्ये ते बाहेर काढून वेगळ्या प्रोग्रामच्या रूपात चालवलं. आता एखाद्या प्रोग्रामला फाईल उघडायची असेल, तर ती हाक आधी कर्नलकडे जाणार, तिथून निरोप बनून पाहुण्या युनिक्सकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. प्रत्येक कामाला हे हेलपाटे. सगळं मंदावलं, आणि 'मायक्रोकर्नल म्हणजे संथ' ही म्हण पक्की झाली.

याच काळात आपल्या पुण्यात काय चाललं होतं? १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' आला. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला आणि आपण आपला बनवला, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण १९९४ च्या 'परम ९०००' ची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या यंत्राच्या गणन करणाऱ्या नोडवर 'पारस' नावाचा मायक्रोकर्नल चालायचा. टास्क, थ्रेड, पोर्ट, निरोप, सगळी माखच्या घराण्यातली भाषा. हा कर्नल सी-डॅकमध्येच लिहिलेला होता.

त्यांनी युनिक्सचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. पाहुणा त्याच नोडवर बसवलाच नाही. पूर्ण युनिक्स राहिलं शेजारच्या सेवा-नोडवर, आणि गणन करणाऱ्या नोडवर फक्त छोटा कर्नल. म्हणजे आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरच्या वेळेत आणि मेमरीत युनिक्सची लुडबुड नाही. एवढं असूनही १९९८ च्या 'परम १००००' मध्ये प्रत्येक नोडवर सन कंपनीचं सोलॅरिस हे पूर्ण युनिक्स आलं. बाजारात जी मशीन तयार मिळते, तिच्यासोबत तिची ऑपरेटिंग सिस्टिमही तयार मिळते. आपला कर्नल प्रत्येक नव्या प्रोसेसरवर पुन्हा उभा करायचा, तर माणसं आणि वर्षं लागतात. आमच्या मते पारस मागे पडला तो या हिशेबात.

आता संथपणाच्या त्या म्हणीकडे वळू. जर्मनीत योखेन लिडट्के यांनी ती मोडून काढली. ४८६ प्रोसेसरवर माखला एक छोटा निरोप पोचवायला सुमारे ११५ मायक्रोसेकंद लागायचे, तर लिडट्केंच्या कर्नलला सुमारे ५. दोष कल्पनेत नव्हता, बांधणीत होता. मग ड्रेस्डेनच्या गटाने त्यांच्या 'एल-फोर' कर्नलवर लिनक्स पाहुणा म्हणून बसवलं. कसं? लिनक्सला सांगितलं, की एल-फोर हा एक नवा प्रोसेसरच आहे असं समज. लिनक्समधला फक्त प्रोसेसरशी बोलणारा भाग नव्याने लिहिला, बाकीचा तसाच ठेवला. मेमरीचं पान सापडलं नाही, तर त्याचा निरोप. उपकरणाने हाक मारली, तर तिचाही निरोप. १९९७ च्या त्यांच्या मोजणीत एका प्रमाण चाचणीवर हे पाहुणं लिनक्स मूळ लिनक्सपेक्षा फक्त सुमारे ५ टक्के मागे राहिलं. माखवरच्या लिनक्सचं नुकसान त्याच्या ५ ते ७ पट होतं.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? उत्तर आहे, भरवसा. पाहुणा कोसळला तरी घर उभं राहावं. त्यासाठी घर इतकं लहान हवं, की त्याची वीट न् वीट तपासता यावी. २००९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी 'एसईएल-फोर' या कर्नलचा सुमारे ८,७०० ओळींचा सी प्रोग्राम त्याच्या आराखड्याबरहुकूम चालतो, हे गणिताने सिद्ध केलं. लिनक्सच्या ओळी तर कोटींत मोजाव्या लागतात. तिथे असं काही करणं आज तरी शक्य नाही. मात्र एक सावधगिरी हवी. पाहुण्याच्या हाती एखादं उपकरण थेट दिलं, तर ते उपकरण प्रोसेसरला न विचारता कुठल्याही मेमरीत लिहू शकतं. ते अडवायला वेगळा पहारेकरी हार्डवेअरमध्येच लागतो. तो नसेल तर सिद्धतेचा उपयोग दारापर्यंतच.

इथून जवळच पनवेलला आणि नवी मुंबईत आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. अशा ठिकाणी एकेका मशीनवर अनेक पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदतात. तुमच्याआमच्या पैशांचे, तिकिटांचे, कागदपत्रांचे व्यवहार त्यांच्यावर चालतात. तिथला यजमान मायक्रोकर्नल असतोच असं नाही, पण प्रश्न तोच आहे. पाहुणा बिघडला, तर शेजारच्या पाहुण्याला धक्का लागेल का? आणि ज्याच्यावर डोळे मिटून विसंबायचं, तो यजमान किती ओळींचा?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की परमचा इतिहास सांगताना नुसते वेगाचे आकडे सांगू नयेत. ही मशीन आतून कोणी चालवायची, हा प्रश्न पुण्यात ऐन वेळी विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर इथेच लिहिलंही गेलं होतं. ते उत्तर मागे पडलं. प्रश्न मात्र आपल्या दाराशी येऊन बसला आहे.