साइन, कॉस आणि हैदराबादचे गणक

सायंटिफिक कॅल्क्युलेटर हातात आला की आम्हा कला शाखेवाल्यांची बोटे अधिक, उणे आणि टक्क्यांपाशीच घुटमळतात. कचेरीत तेवढ्यावर भागते. वरच्या रांगेतली साइन, कॉस, लॉग ही बटणे मात्र परक्या गावासारखी वाटतात. ती शिकायची तर आधी पडद्यावरचे छोटे अक्षर पाहावे: डी की आर? अंशांत ३० चा साइन ०.५ येतो, रेडियनमध्ये तोच उणे ०.९८८ होतो. यंत्र चुकत नाही, कोन कशात मोजायचा ते आपण त्याला सांगितलेले नसते, एवढेच!

पण मित्रहो, ही आकडेमोड बटणांच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा एक मोठा अध्याय हैदराबादेत घडला. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक रेषा मोजून देशाच्या मोजणीचा पाया घातला. पुढे त्याचा मुक्काम हैदराबादेत होता. १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस म्हणून तिथेच रुजू झाला आणि कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात तापाने आडवा पडला. १८२३ च्या जानेवारीत लॅम्बटन नागपूरकडे जाताना हिंगणघाटला वारला. सूत्रे एव्हरेस्टच्या हाती आली.

युक्ती सोपी होती. एक बाजू साखळीने मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, की बाकीच्या बाजू कागदावर निघतात. टेकडीवर साखळी न्यायला नको. पण कागदावरचे काम भयंकर! साइनची कोष्टके, लॉगची कोष्टके, मग बेरीज-वजाबाकी, आणि पडताळा म्हणून तेच सगळे पुन्हा. हे करणाऱ्या माणसांच्या हुद्द्याचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते. १८३१ साली रुजू झालेला राधानाथ सिकदार त्यांतला एक. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताचे श्रेय त्याला दिले जाते. त्याचे नाव तरी उरले. बाकीच्या कित्येक गणकांची नावे कुणाला ठाऊक आहेत? शिखराला साहेबाचे नाव मिळाले, कारकुनांच्या वाट्याला वह्या. (आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचे क्षेत्रफळही शेवटी कुणीतरी मोजलेलेच असते.)

१९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरना बाजारात आला आणि लॉगच्या पुस्तिका हळूहळू कपाटात गेल्या. हैदराबादेत उप्पलला सर्व्हे ऑफ इंडियाची प्रशिक्षण संस्था आहे. मोजणीचे शिक्षण त्या शहरात आजही चालते.

घरात मुलांचा कॅल्क्युलेटर पडलेला असेल तर करून पाहा. पायाची रेषा १२ किलोमीटर, टोकांचे कोन ६० आणि ७० अंश, म्हणजे टेकडीपाशी उरले ५०. आता १२ गुणिले साइन ६०, भागिले साइन ५०. साइन ६० नंतर कंस बंद करायला विसरू नका. ७० अंशांच्या टोकापासून टेकडी १३.५७ किलोमीटरवर निघाली पाहिजे.