तबकडीवर नसलेली नावे

जुन्या शास्त्रीय संगीताच्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकांचे एक वेगळे जग असते. मुंबईच्या चोरबाजारातल्या ढिगातून एखादी तबकडी हाती लागते, धूळ पुसून लेबल वाचले जाते, सुई टेकते आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. हा आनंद खोटा नाही. पण संग्राहक आवाजालाच सगळा इतिहास समजू लागला की तबकडीतला उरलेला इतिहास मुका होतो.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित केले. सुमारे तीन मिनिटांच्या गाण्याअखेरी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ही घोषणा होती, असे सांगितले जाते. कारण व्यवहाराचे असेल, परिणाम मात्र सामाजिक होता. जिचे गाणे हवे होते पण जिला घरात जागा नव्हती, त्या स्त्रीने स्वतःच्या तोंडून स्वतःचे नाव इतिहासात नोंदविले. अनेक उस्ताद यंत्रापुढे गायला कचरत असताना जोहराबाई आग्रेवाली, जानकीबाई यांच्यासारख्या गायिका गायल्या. म्हणून आज त्यांचे सूर उरले.

पुढे काय झाले? १९४६ साली नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. राग ठेवले, बंदिशी ठेवल्या, त्या जपणाऱ्या बायका वगळल्या. गोव्यातील कलावंत समाजात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आपण त्याचा अभिमान सांगतो. ज्या प्रथेने त्या समाजातील मुलींचे आयुष्य जन्मतःच ठरवून टाकले, तिच्याविषयी मात्र त्या अभिमानात अवाक्षर नसते.

तरीही कलावंतिणीचे दुःख आणि अस्पृश्याचे दुःख एक नव्हे. तिला दिवाणखान्यात बैठक होती. आपल्या बापजाद्यांना अंगणसुद्धा नव्हते. मग या तबकडीत आपले माणूस कुठे आहे?

तबल्याचा ठेका ऐका. शेळीच्या कातड्याची पुडी आणि ती ताणून धरणारी कातड्याची वादी. मेलेले जनावर ओढणारे, कातडे कमावणारे हात गावाने विटाळाचे ठरविले. त्याच कातड्यावरचा नाद मात्र देवळात आणि दरबारात पवित्र ठरला. जुन्या कित्येक लेबलांवर तबलजीचेही नाव नाही. मग कातडे कमावणाऱ्याचे कुठून असणार?

आता तबकडीच हाती घ्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही जुनी काळी तबकडी दगडाची भुकटी, काजळी आणि लाख यांची बनलेली असे. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी तयार केलेली राळ. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी स्त्री-पुरुष ती खरवडून गोळा करीत. जगाच्या बाजारातली बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून जाई. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत लाखेच्या वापरावर कडक निर्बंध आले, तेव्हा तिथला तबकड्यांचा धंदा अडचणीत सापडला. इतके मोल असलेली वस्तू गोळा करणारा मात्र व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत केवळ एक अंगठा होता.

नंतर व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी आली. अमीर खाँसाहेबांचा मारवा एक अख्खी बाजू व्यापू लागला. रागाला ऐसपैस जागा मिळाली. लेबलावरची जागा तेवढीच राहिली.

म्हणून या तबकड्या फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. उलट त्या जमवाव्यात, मन लावून ऐकाव्यात. सौंदर्य ही कुणा एका वर्णाची जहागीर नाही. मात्र आपल्या संग्रहाच्या वहीत राग, घराणे, साल या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना हवा : साथ कुणाची, वाद्य कुणी घडविले, कातडे कुणी कमावले? विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपल्या गावातल्या वाद्य मढविणाऱ्यांकडे जावे, त्यांच्या तोंडून त्यांची नावे आणि हकिकती लिहून घ्याव्यात. बरेच रकाने कोरेच राहतील. राहू द्यावेत. त्या कोऱ्या जागेलाही इतिहास म्हणतात, आणि ती कोणी कोरी ठेवली हे विचारण्याचा हक्क आपला आहे.