आधी खोकून घ्या

आलात? मग आधी खोकून घ्या. डोळे मात्र चोळू नका, आणखी झोंबतील. साल १५४० च्या आसपासचं. तुम्ही इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टनजवळच्या बे-लीफ नावाच्या शेतघरात उभे आहात, आणि या घराला धुराडं नाही.

समोर, खोलीच्या मधोमध, जमिनीवरच लाकडं पेटलीत. चूल नाही, आडोसा नाही, नुसता उघडा जाळ. मान वर करा. या खोलीवर माळाही नाही, नजर थेट कौलांना भिडते. वासे, तुळया, आढं, सगळं काजळीनं काळंकुळकुळीत. धूर तिथे दाटतो, घुटमळतो आणि मर्जी झाली की कौलांच्या फटींतून, छपराच्या टोकांशी ठेवलेल्या झरोक्यांतून बाहेर पडतो. म्हणून इथे उभं राहणं हा अडाणीपणा. बाकावर टेका, खाली हवा बरी आहे. मला विचाराल तर हे घर मुळात धुरासाठी बांधलंय; माणसं उरलेल्या जागेत राहतात.

ती उंच खिडकी बघा. हात घाला, खुशाल आरपार जाईल. काच नाहीच, उभे लाकडी गज तेवढे. वारा ज्या अंगाचा, त्या अंगाची फळी लावून घ्यायची. दोन्हीकडच्या लावल्या की भरदुपारी अंधार. मग मेंढीच्या चरबीत बुडवलेली लव्हाळ्याची काडी पेटते आणि त्या वासानं भूक मरते. हा एक फायदाच म्हणायचा, कारण वाडग्यात येणार आहे जव, वाटाणे आणि कोबी शिजवून केलेला रगडा. मिरची मागू नका. बटाटाही नाही.

घरधनी पलीकडच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसलाय. तुमची जागा दाराकडे. दारं दोन, समोरासमोर, मधे आरपार बोळ. चिखलानं माखलेला गडी आत येतो, कुत्रं त्याच्या पायात, कोंबडी कुत्र्याच्या पुढे, आणि दार उघडंच राहतं! पोटऱ्या भाजताहेत, पाठ गारठलीय. बोळापलीकडच्या दोन छोट्या खोल्यांपैकी एकीत एल नावाच्या दारूची पिंपं, दुसरीत पाव. आंबूस, उबदार वास येतोय तो पहिलीतून. आतल्या बाईनं पेला पुढे केला तर नाही म्हणू नका.

आता भिंतीवरून बोट फिरवा. पोपडा निघालाय तिथे आतली फोकांची वीण दिसेल, वर चिखल, चिरलेला पेंढा आणि शेण. कोकणातला माणूस लगेच म्हणेल, हा तर कूड! पण सांगाडा बघा, ओकचा, ओला असतानाच कापलेला. सांध्यात खिळा नाही, वाळलेल्या ओकची खुंटी ठोकलीय; भोवतीचं लाकूड सुकत जाईल तसतसा सांधा आवळतो. सांध्यालगत पटाशीनं कोरलेल्या रेघा म्हणजे सुताराचे अंक. अशा घराचा सांगाडा सुतार आपल्या आवारात आधी जुळवून बघतो, मग सुटा करून गाडीवर लादतो. जुळवाजुळवीचा हा स्वभाव पुढे कामी आला. विसाव्या शतकात इथे जलाशय व्हायचा ठरला, तेव्हा हे घर पुन्हा सुटं झालं आणि ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात उभं राहिलं.

घरधनी उठला. खुशीत दिसतोय, वर चला म्हणतोय. शिडीवरून जपून. ही त्याची निजायची खोली, खालच्या भिंतीच्या पुढे डोकावणारी. बिछाना वगैरे आहेच, पण त्याला दाखवायचं आहे ते कोपऱ्यातलं दार. आत एक फळी, फळीला भोक आणि भोकातून थेट बाहेरचा उजेड. शेतकऱ्याच्या घरात, तेही माडीवर, स्वतःचा संडास! त्याचा चेहरा बघा, कौतुक करायलाच हवं. बसलात तर खालून बोचरा वारा लागेल. आणि परत निघताना या बाजूच्या भिंतीला लागून मुळीच जाऊ नका.